बाई, तो कप आईचा होता

प्रिय बाई,

शाळेतून फोन आला होता. तुमच्या आठवणींची एक छोटी स्मरणिका काढताहेत. नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वर्तक बाईंच्या तुम्ही लाडक्या होतात, दोन पानं तर तुम्हीच द्यायला हवीत." विषयही त्यांनीच सुचवला, बाईंनी आम्हाला कविता वाचायला कशी शिकवली. मी हो म्हणून बसले. आता रोज ऑफिसातून आले की लॅपटॉप उघडते, 'बाई म्हणजे' एवढं लिहिते आणि बंद करते. बाई म्हणजे काय, तेच ठरत नाही. म्हणून स्मरणिका बाजूला ठेवून आधी तुम्हालाच लिहायला बसले आहे. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. पण तुम्ही असताना जे बोलायचं होतं ते बोलले नाही, आणि आता ते पोटात राहत नाही.

शोकसभेला आले होते मी. शाळेच्या त्याच हॉलमध्ये होती. आमच्या वर्गातला एकजण, आता टक्कल पडलंय त्याला, माईक हातात घेऊन म्हणाला, "बाईंनी आम्हाला कधी गाईडला हात लावू दिला नाही. म्हणून आम्ही स्वतःच्या डोक्याने विचार करायला शिकलो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, बाई. इतकी वर्षं डोलावत आले, एकदा आणखी. माझ्या हातात निशिगंधाचा हार होता. आईने सांगून मार्केट यार्डातून मागवला होता आणि माझ्या हाती दिला होता. "माझ्याकडून घाल बाईंना," म्हणाली. तो तुमच्या फोटोला घालून मी तिथेच उभी राहिले, आणि शेजारच्या बाईंना वाटलं की मला रडू येतंय.

आधी चांगलं ते लिहिते. ते खोटं नव्हतं, हीच तर माझी अडचण आहे.

आठवीत तुम्ही पहिल्या तासाला फळ्यावर काही न लिहिता विचारलं होतं, "काल कुणाकुणाच्या पोटात कावळे ओरडले?" सगळ्यांचे हात वर. "मग आज किती कावळे बाहेर आले?" वर्ग हसला. मग तुम्ही म्हणालात, तुम्ही सगळे रोज दिवसभर अलंकारात बोलता, फक्त परीक्षेत भाबड्यासारखे वागता. कुणाच्या नाकावर राग असतो, कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, कुणी डोळ्यांत तेल घालून बसतं. हे सगळं आमच्या घरात रोज चालायचं, पण त्याला शाळेत काही किंमत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. हडपसरच्या आमच्या वस्तीतलं बोलणं आणि पुस्तकातली कविता एकाच मातीची आहे, हे मला तुम्ही सांगितलंत. त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये लोकांचं बोलणं ऐकत उभी राहिले आणि माझा स्टॉप चुकला.

आणि तुमचा तो नियम! वर्गात कुणाकडे गाईड सापडलं की तुम्ही ते दोन बोटांत धरायचात, मेलेला उंदीर धरावा तसं, आणि कपाटात टाकून कुलूप लावायचात. "दुसऱ्याने चावून दिलेला घास खायचा असेल तर खुशाल खा. माझ्या वर्गात मात्र आपापले दात वापरायचे." हे वाक्य मी कितीजणांना ऐकवलंय!

नववीची परीक्षा झाली त्या वर्षी दहावीची पुस्तकं बदलणार होती. तुम्हाला नवं पुस्तक आधी मिळालं, आणि मे महिन्यात तुम्ही आम्हा सात-आठजणींना सुट्टीत शाळेत बोलावलंत, फी वगैरे काही न घेता. बाहेर तेव्हा सगळंच बदलत होतं. आमच्या वस्तीवर केबल आली होती, नाक्यावर एसटीडीचं पिवळं बूथ उघडलं होतं, उसाच्या शेतांच्या कडेने मोजणीवाले फिरत होते. आत वर्गात पंख्याखाली आम्ही आणि ती कविता.

छोटीशीच कविता होती. रस्ता रुंद करायला एक जुना शिरीष तोडतात. संध्याकाळी एक पक्षी येतो आणि जिथे त्याची फांदी होती, त्या उंचीवर हवेतच पंख फडफडत थांबतो. थोडा वेळ थांबतो, मग जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. बस, एवढंच.

वैशालीने लगेच हात वर केला. "वृक्षतोड करू नये, असा संदेश कवीने दिला आहे."

तुम्ही चष्म्यावरून तिच्याकडे बघितलंत. "वृक्षतोड करू नये हे सांगायला पुण्यात पाटी लावतात. त्यासाठी कविता लिहीत नाहीत. कवीला वनखात्यात नोकरी हवी होती का?"

कुणी म्हणालं, पक्ष्याला कळत नाही की झाड गेलंय. कुणी म्हणालं, तो घर शोधतोय. तुम्ही मान हलवत राहिलात. मग माझ्याकडे बघितलंत. मी पुस्तकात मान घातली. वर्ग सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. "तुला काहीतरी दिसलंय. ते तुझ्या तोंडावर लिहिलेलं आहे. काय दिसलं?"

मी तुम्हाला सांगितलं, बाई. फक्त तुम्हाला.

माझा दादा, मिलिंद, पहिल्या पाळीला कारखान्यात जायचा. सोलापूर रस्त्यावर ट्रकने त्याच्या सायकलला उडवलं, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई अजून सकाळी चार कप मांडायची. चहा तीनातच ओतायची. चौथा कप थोडा वेळ तसाच राहायचा आणि मग ती तो उचलून फळीवर पालथा घालायची. चुकून होत नव्हतं ते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "नाही मांडला तर हात अडतो गं." तिला भ्रम झाला नव्हता. दादा येणार नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार, तिनेच त्याला ओळखलं होतं ससूनच्या शवागारात. म्हणून मी तुम्हाला म्हणाले, त्या पक्ष्यालाही माहीत आहे बाई. तो फसलेला नाही. तो मुद्दाम येतो.

तुम्ही हातातलं पुस्तक मिटलंत. मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "कुठल्याच कवितेचा असा अर्थ मला तीस वर्षांत कुणी दिला नव्हता." त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. एवढा मोठा सन्मान मला पुढे नोकरीतही कधी मिळाला नाही.

पुस्तक नवं म्हणून गाईडं त्या वर्षी उशिरा आली, गणपतीच्या सुमाराला. संध्याकाळची वेळ होती. आई दारात बसून मेथी निवडत होती, मी तिच्या मागे आत कपड्यांच्या घड्या घालत होते. वैशाली आमच्या समोरच राहायची. ती त्यांच्या ओट्यावर येरझाऱ्या घालत मोठ्याने पाठांतर करत होती. तिचं पाठांतर सगळ्या गल्लीला पाठ व्हायचं, त्यामुळे कुणी लक्ष देत नव्हतं. आणि मग मला ऐकू आलं.

"ज्याप्रमाणे एखाद्या गरीब घरातील अडाणी माता आपल्या मृत पुत्राच्या वाटणीचा चहाचा कप रोज मांडते, त्याप्रमाणे हा पक्षी…"

तिने ते वाक्य पुन्हा म्हटलं. पाठ होईपर्यंत म्हणत राहिली. आईचा हात जुडीवर थांबला होता. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. ती उठली, समोर गेली आणि वैशालीकडून ते पुस्तक मागून घेतलं. तिथेच उभी राहून तिने ते वाक्य बोट फिरवत वाचलं. माझी आई सातवी पास होती, बाई. पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची. वस्तीतल्या बायकांचे अर्ज तीच लिहून द्यायची. वर्षावासाच्या तीन पावसाळी महिन्यांत आमच्या बुद्धविहारात ग्रंथ वाचायला दर वर्षी तिलाच बसवत, तिचा आवाज स्वच्छ म्हणून. त्या दिवसांतही तिचं वाचन चालू होतं.

घरी येऊन तिने मला एकच विचारलं. "तू मला अडाणी म्हणलीस?"

तो शब्द माझा नव्हता. गरीबही माझा नव्हता. कप माझा होता, म्हणजे तोही माझा नव्हताच, आईचा होता. त्या संध्याकाळी ती विहारात गेली नाही. निरोप पाठवला की डोकं दुखतंय.

गाईडवर कुणाचंच नाव नव्हतं, 'अनुभवी शिक्षकांनी तयार केलेले' एवढंच. पण मी कुणाला सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तुम्हाला ग्रंथालयाच्या दाराशी गाठलं. मला वाटलं होतं तुम्ही नाकाराल. नाकारलं असतंत तर मी तुमच्यावर विश्वास ठेवला असता, इतकी मी तुमची होते. पण तुम्ही हसलात.

"अगं, त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? तुझा अर्थ आज महाराष्ट्रभर गेला. एका घरात पडून राहायच्या लायकीचा होता का तो?"

मी म्हणाले, "आईने वाचलं, बाई."

"बरं मग? आणि अर्थ काय कुणाच्या मालकीचा असतो का? मीच शिकवलंय ना तुला?"

"अडाणी असं का लिहिलंत?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. मला वाटलं, आता तुम्हाला कळलं. पण तुम्ही म्हणालात, "परीक्षकाकडे वेळ नसतो. त्याला चित्र पटकन दिसावं लागतं."

परीक्षकाला पटकन दिसावं म्हणून तुम्ही माझ्या आईची अक्षरओळख पुसलीत. तुम्हाला ती माहीत होती ना? पालकसभेला तिने तुमच्यासमोर वळणदार सही केली होती, आणि तुम्ही तिच्या अक्षराचं कौतुक केलं होतंत. मग लिहिताना तुम्हाला ती सही आठवली नाही? की हडपसरच्या वस्तीतली, मुलगा गेलेली बाई म्हटल्यावर तुमच्या पेनातून तो शब्द आपोआपच आला? हे मला तेव्हा विचारायला सुचलं नाही. पुढे सुचलं तेव्हा धीर झाला नाही. आज विचारते आहे.

आणि मग तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "हे शाळेत कुणाला बोलू नकोस. गाईडं लिहिलेली चालत नाहीत इथे. माझी नोकरी जाईल. तुझ्यावर विश्वास आहे माझा."

मी कुणाला बोलले नाही. घरी आईने विचारलं, "पुस्तकात गेलं कसं?" मी सांगितलं, निबंधात लिहिलं होतं, तिथून कुणी तरी उचललं असेल. आईला तुमचा संशयही आला नाही. तुम्ही तिच्या दृष्टीने कोण होतात तुम्हाला ठाऊक आहे का? आपल्या पोरीला पुस्तकातलं सगळं उलगडून सांगणारी, सुट्टीत फुकट शिकवणारी बाई. तुमच्यावर आळ आला असता तर तिने माझ्याच थोबाडीत दिली असती.

ती फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "घरातलं चव्हाट्यावर न्यायचं नसतं, एवढं तरी शाळेनं शिकवायचं होतं." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तीनच कप मांडले. मी बघत होते. तिचा हात फळीकडे गेला आणि परत आला. मग तिने चहा गाळला.

त्यानंतर तिने मला मनातलं काही सांगितलं नाही, बाई. रागावली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. ती नीट वागायची. डबा भरून द्यायची, ताप आला तर उशाशी बसायची. पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. बाबा गेले तेव्हा ती एकटी मोरीत जाऊन रडली आणि मी दार वाजवलं तर म्हणाली, "काही नाही, डोळ्यात साबण गेला." माझ्यासमोर रडायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. न जाणो, उद्या कुठल्या पुस्तकात सापडेल!

बोर्डाच्या पेपरात तीच कविता आली. 'अथवा' करून दुसरी होती, मी ती सोडवली. माझ्या आजूबाजूला सगळा हॉल माझ्या आईचा कप लिहीत होता. माना खाली घालून, भराभर.

मग मी मराठीच्या वाटेला गेलेच नाही. बुधवार पेठेत एक कॉम्प्युटर क्लास होता, खाली रेडिओची दुकानं आणि वर आम्ही. तिथून डिप्लोमा, मग नोकरी. आता जिथे बसते ती इमारत आमच्या वस्तीपासून फार लांब नाही, पूर्वी तिथे ऊस होता. माझं काम काय आहे सांगू? सॉफ्टवेअर बनवायच्या आधी ते नेमकं काय करेल हे लिहून देणं. त्यात एका वाक्याचा एकच अर्थ निघाला पाहिजे. आमचा रिव्ह्यू घेणारा नागपूरकडचा मुलगा प्रत्येक ओळीला विचारतो, "मॅडम, इसका दूसरा मतलब निकल सकता है क्या?" निघत असेल तर ती चूक धरतात. या कामात मी हुशार समजली जाते. तुम्हाला मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अरेरे, तुझ्यासारखीने हे करावं?" मी हसले. माझ्यासारखीने दुसरं काय करायचं होतं, बाई?

मी तुमच्याकडे येत राहिले याचं लोकांना कौतुक वाटतं. गुरुपौर्णिमेला यायचे, तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी आले. खरं सांगू? मी वाट बघत होते. एकदा तरी म्हणाल, सुजाता, ते चुकलं माझं. मला बाकी काही नको होतं. तुम्ही एकदा म्हणाला असतात तर मी तुमची परवानगी घेऊन आईला सांगितलं असतं, आणि तुम्हाला तिच्यासमोर खालीही पाहू दिलं नसतं.

गेल्या दिवाळीत आले तेव्हा तुम्ही खुर्चीत बसून होतात. तुमची भाची चिवडा घेऊन आली. काहीतरी कवितेचं निघालं आणि तुम्ही तिला सांगायला लागलात, "एक पक्ष्याची कविता होती बघ. तिचा अर्थ कुणाला लागत नव्हता. मला एकदा चहा करता करता सुचला. एक आई असते, तिचा मुलगा गेलेला असतो…" सगळं सांगितलंत. पालथ्या कपापर्यंत. सांगताना तुमचे डोळे भरून आले. भाची म्हणाली, "मावशी, किती सुंदर." तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "काय गं सुजाता, आहे ना सुंदर?"

मी म्हणाले, "हो बाई."

तुम्ही खोटं बोलत नव्हतात, ते मला दिसत होतं. तुम्हाला खरंच तो तुमचा वाटायला लागला होता. चोरी केलेल्याला निदान आठवण तरी असते की ही वस्तू कुणाच्या घरातली. तुमच्याकडे तीही उरली नव्हती. मग माफी तुम्ही कशाची मागणार होतात? त्या दिवशी जिना उतरताना मला कळलं, मी ज्याची वाट बघत होते ते आता येणार नाही.

बाई, तुम्ही म्हणाला होतात की अर्थ कुणाच्या मालकीचा नसतो. मी त्यावर खूप विचार केला. मला ते पटतं. त्या कवितेचा माझा अर्थ घेऊन महाराष्ट्रातल्या पोरांनी मार्क मिळवले, मिळवू देत. पण दुःख मालकीचं असतं. आमच्या आईला ते कुणाला द्यायचं नव्हतं. तिने मलाही दिलं नव्हतं, मी फक्त त्याच घरात राहत होते म्हणून मला दिसलं. आणि मी ते तुमच्या हाती दिलं, कारण तुम्ही विचारलंत आणि डोक्यावर हात ठेवलात.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा आई सोफ्यावर पाय लांब करून बसली होती. तिने पेपर खाली ठेवला. "चांगली बाई होती," म्हणाली. "तुला घडवलं तिनं. नाहीतर तू." एवढंच. 'नाहीतर तू' च्या पुढचं तिने मनातच ठेवलं. पण ते काय आहे हे मला पंचवीस वर्षं ठाऊक आहे. बाईंनी इतकं चांगलं शिकवलं आणि तू त्याचा उपयोग मला अडाणी लिहायला केलास. तुमच्या फोटोला घालायचा हार तिने मग माझ्या हातात दिला.

तुमची नोकरी आता जाणार नाही. तुमचं नाव राखायला शाळा आहे, टक्कल पडलेला तो आहे, तुमची भाची आहे. माझ्या आईला माझ्याशिवाय कुणी नाही. ती थकली आहे, आणि तिला असं वाटत ठेवून मी तिला जाऊ देणार नाही. तिला धक्का बसेल. तुमच्याबद्दलचं तिचं प्रेम मोडेल, आणि ते मोडताना मला आनंद होणार नाही, हेही लिहून ठेवते. कदाचित ती माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. म्हणेल, मेलेल्या माणसावर ढकलतेस? तरी सांगणार आहे.

स्मरणिकेला दोन पानं देईन. तुम्ही पोटातले कावळे कसे मोजायला लावलेत तेच लिहीन. ते खरं आहे, आणि माझ्याकडून तुम्हाला तेवढं मिळायला हवं. पण आज संध्याकाळी आईशेजारी बसेन. तुमचं नाव घेईन. ज्याप्रमाणे, त्याप्रमाणे काही नाही, पक्षी नाही, झाड नाही. दुसरा अर्थ निघणार नाही अशा वाक्यात सांगेन, आई, मी तुला अडाणी म्हटलं नव्हतं.

तुम्ही जिला वर्ग सुटल्यावर थांबवलं होतंत ती,
सुजाता